पंधरा पोरींचा पूल

साहेबाचं डोकं फिरलेलं आहे, हे मला सगळ्यात आधी आमच्या मंडळीनं सांगितलं. तिनं त्याला एकदाच चहा दिला होता. यार्डातल्या आमच्या खोलीबाहेर बाज होती, तिच्यावर तो बसला. चहाचे दोन ग्लास त्यानं शेजारी शेजारी ठेवले, वर ग्लुकोजची बिस्किटं आडवी मांडली आणि म्हणाला, "वहिनी, हा जुना पूल. आता बघा." मग त्यानं वरची बिस्किटं भराभर खाल्ली, पुड्यातून नवी काढून त्याच जागी ठेवली आणि गळ्यातलं घड्याळ बघितलं.

"चौतीस सेकंद! दोनच्या जागी चार बिस्किटं असती तर पन्नास. मग आपल्याकडं एका पुलाला तीन-तीन वर्षं का लागतात, सांगा!"

मंडळी म्हणाली, "तोंड भरलंय ते आधी गिळा. आणि चहा प्या, गार होतोय."

तो गेल्यावर मला म्हणाली, "माणूस चांगला हाय. पण ह्याला कुणी पोरगी देणार नाय."

पोरगी कुणी दिली की नाही ते मला माहीत नाही. पण पंधरा पोरी त्यानं आमच्या डोळ्यांदेखत जन्माला घातल्या. काँक्रीटच्या.

मंडळी गेली ती गेल्या पौषात. आता घरात येतो तो प्रत्येक माणूस खालच्या आवाजात बोलतो. देवाची मर्जी म्हणतो, चहा पितो, जातो. मला त्या सगळ्यांचा राग येतो. ती असती तर तिनं साहेबाची नक्कल करून दाखवली असती आणि आम्ही दोघं खोकला येईपर्यंत हसलो असतो. आता नक्कल करायला कुणी नाही. मग निदान लिहून काढतो.

साहेब मनमाडचा, ठेकेदाराकडं इंजिनियर. बाप रेल्वेत. लहानपणी बापाचा डबा द्यायला गेला तेव्हा त्यानं रेल्वेचा पूल बदलताना पाहिला. सकाळची गाडी जुन्या पुलावरून गेली, दुपारची नव्यावरून. मधल्या वेळात गडीमाणसांनी जुने गर्डर बाजूला सरकवले, तयार ठेवलेले नवे आत सरकवले, रूळ जोडले आणि भाकरी खायला बसले. ते बघून ह्याचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. "रेल्वे दोन गाड्यांच्या मधे पूल बदलते दादा, आणि आपण रस्त्यावर बोर्ड लावून झोपी जातो." हे वाक्य मी दिवसातून पाच वेळा तरी ऐकायचो. गळ्यात सुतळीनं बांधलेलं गजराचं घड्याळ होतं. मनगटावरचं घड्याळ त्याला चालायचं नाही. म्हणायचा, मनगटावरचं घड्याळ एकट्याला दिसतं, गळ्यातलं सगळ्यांना दिसतं. ते मधेच खणखणायचं. मग साहेब स्वतःच दचकायचा.

शिवी कधी दिली नाही. लय चिडला तर म्हणायचा, "तू वळणरस्ता आहेस, वळणरस्ता!" त्याच्या लेखी ह्याच्याइतकं वाईट जगात काही नव्हतं. 'काम चालू, वळणरस्ता' असा बोर्ड दिसला की तो स्कूटर थांबवायचा, उतरायचा आणि बोर्डाजवळच्या माणसाला विचारायचा, "कधी जन्मला हा?"

पेठच्या बाजूला एक मोडका पूल होता. तिथला बोर्ड सहा वर्षांचा झाला होता. साहेबानं त्या बोर्डाचा वाढदिवस केला. खोटं सांगत नाही, मी बरोबर होतो. बोर्डाला झेंडूचा हार घातला, टिळा लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांना थांबवून पेढे वाटले. माणसं हसत होती, बोर्डाला हात लावून पाया पडत होती. एकानं तर विचारलं, "शाळेत घातला का?" तेवढ्यात एक जीप आली. आत एक वजनदार माणूस. साहेबानं त्यालाही पेढा दिला. त्यानं तोंडात टाकला आणि विचारलं, "कुणाचा वाढदिवस?"

साहेबानं बोर्डाकडं बोट केलं.

तो माणूस म्हणजे रस्त्यांच्या खात्याचा मोठा साहेब होता. पेढा त्याच्या तोंडातच राहिला. थुंकता येईना, गिळता येईना. मी तर स्कूटरच्या मागं बसलो जाऊन.

आठ दिवसांनी बोलावणं आलं. आम्हाला वाटलं, साहेबाची नोकरी गेली. साहेब परत आला तो नाचतच आला. मोठ्या साहेबानं सांगितलं होतं, "एवढी घाई आहे ना तुला? विंचूरच्या अलीकडं नाल्यावरचा जुना पूल आहे, तो देतो. गुरुवारी सकाळी रस्ता बंद कर. सोमवारी सकाळी लिलावाच्या कांद्याच्या गाड्या नव्या पुलावरून गेल्या पाहिजेत. नाही गेल्या, तर तुझं यार्ड बंद, आणि बाहेरून तयार करून आणलेल्या पुलाचं नाव पुन्हा ह्या जिल्ह्यात काढायचं नाही."

म्हणजे चार दिवस. त्यावर साहेबाचा जन्मभराचा ध्यास, आणि यार्डातली आम्ही चाळीस घरं.

यार्ड तेव्हा इंदिरानगरच्या मागं, हायवेला लागून होतं. सगळं मोकळं रान. आता तिथं बिल्डिंगी आहेत. मी क्रेनचा इशारेवाला. क्रेनच्या ड्रायव्हरला ओझं दिसत नाही, तो माझ्या हाताकडं बघतो. मूठ बंद म्हणजे थांब, बोट वर म्हणजे उचल. बाकीचे गडी बहुतेक पेठ-सुरगाण्याकडचे, बायकापोरं घेऊन आलेले. ठेकेदाराचा मेहुणा सुपरवायझर होता. त्याला आम्ही 'पाहुणे' म्हणायचो, कारण कामावर तो पाहुण्यासारखाच यायचा.

नवे खांब आम्ही जुन्या पुलाखाली आधीच उभे केले होते, वरून गाड्या चालू असतानाच. वरच्या पंधरा तुळया यार्डात ओतायच्या, पाणी मारून पिकवायच्या आणि चार दिवसांत नेऊन मांडायच्या, असा बेत. गर्डर म्हटलेलं साहेबाला चालायचं नाही. "तुळई म्हणा. गर्डर म्हटलं की कुणी पैलवान वाटतो." नंबर टाकायलाही नाही म्हणाला. नंबर माणसं विसरतात, नाव विसरत नाहीत. मग नावं आमच्या मंडळीनं ठेवली. सुमन, कमल, शेवंती, पारू अशी पंधरा. साच्यातून तुळई बाहेर निघाली की साहेब बूट काढून तिच्या अंगावरून चालायचा, गुडघ्यावर बसून किल्लीनं टकटक करायचा आणि कान लावून ऐकायचा. शेवंतीच्या कोपऱ्याची खपली निघाली तेव्हा तो दुपारी जेवला नाही. मंडळी म्हणाली, "एवढं काय त्यात, नाक जरा बसकं हाय. खपून जाईल."

प्रत्येक तुळईच्या एका टोकाला गोल भोक, दुसऱ्या टोकाला लांबट. खांबातून वर आलेली सळई त्या भोकात बसते. गोल भोकात सिमेंटचा मसाला भरून टाकला की ते टोक पक्कं. लांबट भोकातलं टोक सरकायला मोकळं, कारण उन्हात काँक्रीटही फुगतं. साहेब म्हणायचा, "सासरी एक पाय घट्ट पाहिजे आणि एक जरा मोकळा. दोन्ही घट्ट केले की बाई तडकते." ही गोष्ट मंडळीला फार आवडली. चार बायकांत सांगायची.

साहेब बोटानं बघायचा. डोळ्यावर त्याचा विश्वास नव्हता. प्रत्येक भोकात बोट घालून फिरवायचा. उजव्या हाताचं पहिलं बोट कायम सोललेलं. कुणी काही सांगितलं की विचारायचा, "बघितलंस, की बोट घातलंस?"

भोकांत कचरा जाऊ नये म्हणून चिंध्या कोंबलेल्या असायच्या. म्हणून गोल भोकाच्या टोकाला साहेबानं गेरूचा लाल टिळा लावला. ऑइलपेंट नको म्हणाला, पोरींच्या अंगाला रॉकेलचा वास येतो. हुकूम सोपा होता. टिळा गाडीच्या मागच्या बाजूला ठेवून भरायचं, म्हणजे पुलावर सरळ उतरवलं की टिळा आपोआप नाशिककडं. तिथं फिरवाफिरवी करायची सोय नव्हती. वरून विजेची तार गेलेली. तुळई फिरवायची तर परत गाडीवर चढवा, गाडी मागं फाट्यापर्यंत न्या, वळवा आणि उलटी चालवत आणा. दोन तासांचं काम.

आम्ही यार्डात दोन खोटे खांब उभारून तालीम केली. एकच तुळई अकरा वेळा चढवली, अकरा वेळा उतरवली. पाहुणे म्हणाले, "लग्न एक आणि साखरपुडे अकरा!" साहेब घड्याळ हलवत ओरडला, "बारावा!"

पुढं तो कुठं कुठं गेला. ओरिसा, आसाम. दिवाळीला पत्र यायचं, पत्त्याच्या जागी नुसतं नदीचं नाव. मंडळी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायची. एकदा म्हणाली, "ह्याला उत्तर पाठवायचं तर नदीत सोडावं लागंल."

आता विंचूरचं सांगतो.

गुरुवारी रस्ता बंद झाला. करवतीनं जुना पूल कापायला घेतला. म्हातारा दिसायला मोडका, पण कापताना हट्टी निघाला. अर्धा दिवस जास्त खाल्ला त्यानं. हाताशी ठेवलेला वेळ तिथंच संपला. गाड्या नाल्यातून जात होत्या आणि ट्रॅक्टर रुतले की शेतकरी आमच्याकडं बघून ओरडत होते, "ओ बिस्किटवाले! होणार का सोमवारी?" बिस्किटांची गोष्ट तिथपर्यंत कशी पोचली देव जाणे.

शुक्रवारी संध्याकाळी साहेबानं घाई करून पहिली तुळई, सुमन, यार्डातून मागवून घेतली. बाकी चौदा शनिवारी निघायच्या होत्या. शनिवारी सकाळी यार्डात बाया जमल्या. पोरी सासरी चालल्या आणि पाठवणी नाही, असं कसं चालेल? पाणी तापवलं. चौदा तुळयांना हळदीच्या पाण्यानं आंघोळ घातली. पेठकडच्या बायांनी लग्नातली गाणी म्हटली. प्रत्येकीची ओटी भरली, खण-नारळ ठेवला आणि कुंकू लावलं. लग्नात नवरीबरोबर पाठराखीण जाते ना, तशी आमची मंडळी गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून आली, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन.

दुपारपर्यंत पहिल्या गाळ्यातल्या, म्हणजे पहिल्या दोन खांबांमधल्या, पाचही तुळया बसल्या. मी इशारे दिले, टिळा मागं बघितला आणि उतरवून घेतल्या. अलगद बसल्या, लोण्यात सुरी जावी तशा. पाहुणे मसाल्याच्या बादल्या घेऊन उभे. साहेब म्हणाला, "थांबा. बोट."

पहिल्या तुळईत बोट घातलं. मान हलवली. दुसरीत घातलं आणि बोट बाहेर काढेना. तिसरी, चौथी, पाचवी. मग तिथंच खांबावर मांडी घालून बसला.

"दादा, सुमन बरोबर आहे. बाकी चौघी उलट्या आहेत."

मी म्हटलं, "असं कसं? टिळा नाशिककडंच हाय की!"

"टिळा आहे. भोक नाही."

चार तुळया इकडं घट्ट, एक तिकडं घट्ट. ऊन तापलं की एकीनं एकीकडं ओढायचं, चौघींनी दुसरीकडं. महिन्याभरात सांधे फुटणार. चौघींना फिरवायचं तर आठ तास, आणि वर बाकीच्या दहाही गाडीवर उलट्याच असणार. सोमवार गेला म्हणजे गेलाच.

पाहुणे जवळ आले. "साहेब, भरा मसाला. वरून डांबर पडलं की कोण बघतंय? तडा जाईल तेव्हा जाईल. गाड्या तर सोमवारी जातील ना!"

साहेब म्हणाला, "मग मी पण वळणरस्ताच झालो की." आणि खाली बघत राहिला. गळ्यातलं घड्याळ तेवढ्यात खणखणलं. त्यानं बंदही केलं नाही.

मंडळी भाकऱ्या वाढायला आली होती. तिनं सगळं ऐकलं. गाठोडं खाली ठेवलं, पदर खोचला.

"साहेब, चूक माझी हाय. आंघोळीत तुमचा गेरू धुऊन गेला. मग मी कुंकू लावलं ते दुसऱ्या टोकाला."

मी ओरडलो, "अगं, दुसऱ्या टोकाला कशाला? आहे तिथंच लावायचं ना!"

"यार्डात तुमचा टिळा होता दक्षिणेला. नवरीला कुणी दक्षिणेकडं तोंड करून कुंकू लावतं का? मढं हाय का ते?"

पाहुणे कपाळाला हात लावून खाली बसले. साहेब मात्र हळूहळू उठला.

"वहिनी, नीट आठवा. चौदाच्या चौदाजणींना उत्तरेच्या टोकाला? एखादी चुकून राहिली असेल."

"कुंकू माझ्या हातानं लावलंय. एक नाय चुकली. सुमनचीच आंघोळ राहिली, तुम्ही तिला आदल्या दिवशी पळवली म्हणून."

"म्हणजे चौदाजणी एकीकडं तोंड करून, आणि सुमन एकटी दुसरीकडं."

"हा. मग त्यात रडायचं काय?" मंडळी म्हणाली. "चौदा सुना एका चुलीवर रांधतात आणि एक वेगळी चूल मांडते. आपण चौदा चुली मोडतो का? त्या एकीला समजावतो."

नाल्यात एक ट्रॅक्टर घरघरत होता. साहेबानं नकाशा काढला, जीपच्या बॉनेटवर पसरला, डोकं खाजवलं आणि नकाशाच उलटा फिरवून ठेवला. वाकून बघितलं. बोट फिरवलं. परत बघितलं.

"सगळ्याच उलट्या असल्या तर कुणीच उलटी नाही!" तो किंचाळला. "दादा, पूलच फिरवला! टोकांच्या सांध्यांवर बसवायच्या लोखंडी पट्ट्या तेवढ्या इकडच्या तिकडं करायच्या. बाकी काही नाही! सुमनला उचला!"

आणि मग तो नाल्यात उतरला आणि बुटांसकट पाण्यात नाचला. आईशप्पथ सांगतो. ट्रॅक्टरवाले बघत उभे राहिले. एक म्हणाला, "झाला वाटतं पूल." दुसरा म्हणाला, "पूल नाय, साहेब गेला कामातून."

जी एकटी बरोबर बसली होती तिलाच आम्ही उचललं, फाट्यापर्यंत नेलं, वळवलं आणि उलटी आणून बसवली. दोन तास. जाताना मंडळीनं तिची ओटी भरली, आंघोळ घातली, आणि तिलाही कुंकू लावलं. साहेब शेजारी उभा राहून कुठल्या टोकाला लावते ते बघत होता, स्वतः बोट घालून. बाकीच्या दहा तुळया कुंकू बघून सरळ उतरवल्या. प्रत्येक भोकात बोट गेलं. प्रत्येक वेळी साहेब ओरडायचा, "बरोबर! वहिनी, बरोबर!" मंडळी लांबूनच म्हणायची, "माहीत हाय."

नकाशावर त्यानं दुरुस्ती लिहिली. खाली सही पाहिजे होती, दुरुस्ती कुणी सुचवली त्याची. त्यानं कागद मंडळीपुढं धरला. ती म्हणाली, "मला लिहिता येत नाय." साहेब म्हणाला, "अंगठा चालतो." शाईचा डबा नव्हता. कुंकवाचाच अंगठा उठवला.

रविवारी मसाला भरला, पट्ट्या बदलल्या, सांधे बुजवले. सोमवारी उजाडलं तेव्हा पुलाच्या अलीकडं कांद्याच्या गाड्यांची रांग लागली होती, निफाडकडं नजर जाईल तिथपर्यंत. मोठा साहेब जीपमधून उतरला. पूल बघितला. वाकून खालून बघितला. मग नकाशा मागितला आणि तो लाल अंगठा बघून म्हणाला, "हे काय आहे?"

साहेब म्हणाला, "डिझायनरची सही."

मोठा साहेब गाड्यांकडं बघत म्हणाला, "एवढ्या गाड्यांचं ओझं. चार दिवसांचं काम. हा टिकेल ह्याची खात्री कोण देणार?"

साहेबानं मंडळीकडं हात केला.

ती पुढं झाली. चपला काढून हातात घेतल्या. एकटीच चालत निघाली. मागं शंभर ट्रॅक्टर, इंजिनं चालू, आणि पुढं नवा कोरा पूल. मला तिची पाठ दिसत होती आणि माझी मूठ आपोआप बंद झाली, थांब म्हणून. पहिला सांधा आला तिथं ती थांबली, खाली बघितलं आणि दोन्ही पायांनी उडी मारली. चाळिशी उलटलेली बाई! मग दुसऱ्या सांध्यावर. मग पलीकडच्या टोकाला, चांगली उंच. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि मी तिला उडी मारताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ती वळली. चपला धरलेला हात वर केला आणि तिकडून ओरडली,

"हालत नाय! सोडा गाड्या!"